पहाटेची पोटदुखी : शिराळा तालुक्यातील मण्यारदंशाचे एक प्रकरण

रुग्ण आणि तिचे पती या दोघांनी हे प्रकरण लिहिण्यास संमती दिली आहे. गावाचे नाव आणि ओळख पटवणारे तपशील मी वगळले आहेत. वेळा माझ्या केसपेपरवरून आणि नंतर कुटुंबाशी बसून केलेल्या बोलण्यावरून घेतल्या आहेत. या प्रकरणात वेळेलाच सर्वांत जास्त किंमत असल्याने त्या शक्य तितक्या काटेकोरपणे दिल्या आहेत.

२०१९ साली नागपंचमी ५ ऑगस्टला, श्रावणातल्या पहिल्या सोमवारी आली होती. त्या आठवड्यात सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाने उसंत घेतली नाही. वारणा आणि कृष्णा पात्राबाहेर गेल्या, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर चढले आणि सांगली-मिरजेकडे जाणाऱ्या वाटा एकेक करून बंद होत गेल्या. शिराळा तालुक्याच्या पश्चिम भागातील वारणाकाठच्या एका गावात, ६ ऑगस्टच्या रात्री, चौतीस वर्षांची एक शेतकरी स्त्री आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला कुशीत घेऊन जमिनीवर वाकळ अंथरून झोपली होती. घरात एकच लोखंडी कॉट होती आणि तिच्यावर सासूबाई झोपत. पती आणि दीर त्याच खोलीत पलीकडे झोपले होते. भिंतीला लागून पडवी होती. पावसात भिजू नये म्हणून तिथले जळण आणि शेणी त्या आठवड्यात आत, चुलीजवळ आणून रचलेल्या होत्या.

रात्री तीनच्या सुमारास तिला उजव्या दंडाला काहीतरी टोचल्यासारखे वाटून जाग आली. पतीने मोबाईलचा उजेड पाडून पाहिले. अंथरुणावर काही नव्हते, दंडावर काही उमटलेले नव्हते, दुखतही नव्हते. "मुंगी आसंल, झोप," असे म्हणून त्यांनी उजेड बंद केला. सव्वाचारला तिच्या पोटात कळा येऊ लागल्या आणि एकदा उलटी झाली. सासूबाईंनी उठून ओवा-मीठ घालून गरम पाणी दिले, कारण रात्रीची आमटी सकाळची होती आणि संशय सर्वांना तिचाच आला. साडेपाचला घसा दुखू लागला. सहा वाजता पती तिला दुचाकीवर मागे बसवून जवळच्या गावातील एका दवाखान्यात घेऊन गेले. तेथे पोट तपासले गेले, पित्ताचे निदान झाले, एक इंजेक्शन आणि गोळ्या मिळाल्या. घरी येऊन तिने गोळी घेतली तेव्हा ती गिळली गेली नाही आणि पाणी नाकातून बाहेर आले. पावणेसातला तिचे डोळे मिटू लागले. रात्रभर झोप नाही आणि इंजेक्शन दिले आहे, त्यामुळे तिला गुंगी आली असावी, असे घरच्यांना वाटले. सात वाजता मुलगी तिला हलवून म्हणाली, "आई डोळं उघडना." तेव्हा मात्र दिराने शेजारची गाडी काढली.

सात वाजून वीस मिनिटांनी ती माझ्यासमोर होती.

त्या क्षणाचे वर्णन सविस्तर करतो, कारण निदान तिथेच झाले आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागले नाही. ती बाकावर बसलेली होती आणि दीर मागे उभा राहून तिचे कपाळ तळहाताने धरून होता. हात काढला की मान छातीवर पडत असे. मी समोर बसलो तेव्हा तिने उजव्या हाताचे बोट उचलून स्वतःची पापणी वर ओढली आणि त्या फटीतून माझ्याकडे पाहिले. आवाज नाकातून येत होता. नाडी ११०, रक्तदाब १५०/९६, रक्तातील प्राणवायू ९४ टक्के. शुद्ध पूर्ण होती. मी विचारलेले सर्व तिला कळत होते. मी म्हणालो, "वैनी, मोठा श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणत जा." ती अकरापर्यंत गेली. धडधाकट माणूस एका श्वासात पंचवीस-तीसपर्यंत सहज जातो. पंधरा मिनिटांनी मी पुन्हा तेच करायला सांगितले तेव्हा ती सहावर थांबली.

त्या दोन आकड्यांच्या मधल्या पंधरा मिनिटांत मी तिच्या पतीला विचारले, "काल रात्री कुठं झोपला होता?" ते म्हणाले, "खालीच." "रात्री काही चावल्यागत झालं का?" ते क्षणभर गप्प राहिले आणि मग त्यांना मुंगी आठवली. त्या घटकेपर्यंत सापाचा विषय कोणाच्याही मनात आलेला नव्हता. मी भिंगाखाली दंड पाहिला. एक ठिपका दिसला, मोहरीहून लहान, तोही मी शोधत होतो म्हणून दिसला असावा. सूज नव्हती, काळेनिळे झालेले नव्हते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतलेले रक्त वीस मिनिटांत व्यवस्थित गोठले, म्हणजे घोणस किंवा फुरसे यांच्या विषाची लक्षणे नव्हती. नागाच्या दंशातही पापण्या मिटतात, परंतु तिथे चावल्याची जागा बहुधा सुजते आणि दुखते, आणि चावल्याचे माणसाला कळते. जागेवर काहीच नाही, रात्री जमिनीवर झोप, पहाटे पोटात कळा, मग घसा, मग पापण्या, मग मान आणि शेवटी श्वास, असा क्रम असला की तो मण्यारच असतो. साप कोणीही पाहिलेला नसताना मी केसपेपरवर मण्यारदंश लिहिले आणि विषप्रतिबंधक लसीच्या दहा बाटल्या काढायला सांगितल्या.

ही लस पांढऱ्या कोरड्या पावडरीच्या रूपात येते. प्रत्येक बाटलीत दहा मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून ती विरघळवावी लागते, आणि घाईने बाटली जोरात हलवली तर फेस येतो व औषध वाया जाते. आमच्या सिस्टर दोन्ही तळहातांमध्ये बाटली धरून, वात वळावी तशी हलकेच फिरवत होत्या. समोर माणसाचा श्वास उतरत असताना दहा बाटल्या अशा शांतपणे वळणे हे मोठे काम आहे, आणि त्यांनी ते केले. सात वाजून चाळीस मिनिटांनी दहाही बाटल्यांचे औषध सलाइनमधून सुरू झाले. ही लस घोड्याच्या रक्तातून तयार होत असल्याने तिची प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ॲड्रेनलिन भरून ठेवलेले होते. वीस मिनिटांनी अंगावर गांधी उठल्या आणि थंडी वाजून आली. सलाइन थांबवून मांडीत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनलिन दिले, ती सावरली, आणि लस पुन्हा सुरू केली. निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिन देऊन पाहिले. नागदंशात त्याने पापण्या उघडताना मी पाहिल्या आहेत. इथे अर्ध्या तासात काहीही फरक पडला नाही, तेव्हा ते बंद केले.

आठ वाजून पंचवीस मिनिटांनी तिच्या छातीची हालचाल जवळपास थांबली आणि पोट फक्त उडत राहिले. मी श्वासनलिकेत नळी घातली. आमच्या बारा खाटांच्या रुग्णालयात व्हेंटिलेटर नव्हता. रबरी फुग्यासारखी अंबू बॅग नळीला जोडली आणि हाताने श्वास देणे सुरू झाले. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका पुराच्या धावपळीतून चाळीस मिनिटांत आली. तिच्यात प्राणवायू होता, व्हेंटिलेटर नव्हता. सांगली-मिरजेची वाट पाण्याखाली असल्याने पेठ नाक्यावरून कऱ्हाड गाठायचे ठरले.

एरवी तासाभराच्या त्या वाटेला आम्हाला दोन तास दहा मिनिटे लागली. एका माणसाचे हात इतका वेळ टिकत नाहीत, म्हणून मी दिराला गाडीतच शिकवले: दाब, सोड, मग तीन, चार, पाच मोजायचे आणि पुन्हा दाब, मिनिटाला बारा. तो साखर कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर चालक होता आणि त्याच्या हातात ताकद होती. पहिल्यांदा तो भीतीने फार जोरात आणि फार घाईने दाबत होता. पाचेक मिनिटांत त्याला लय सापडली. पेठ नाक्याच्या अलीकडे झाड पडल्याने गाडी थांबली, तेव्हाही त्याने मान वर करून पाहिले नाही. तो, सिस्टर आणि रुग्णवाहिकेतील डॉक्टर असे तिघे आळीपाळीने ती बॅग दाबत होते. साडेअकराच्या आत ती कऱ्हाडच्या एका रुग्णालयात व्हेंटिलेटरवर होती. तेथे लसीच्या आणखी दहा बाटल्या दिल्या गेल्या. मज्जातंतूंवर परिणाम करणाऱ्या विषासाठी एकूण वीसच्या पुढे जाण्यात फायदा नसतो, म्हणून तेथे थांबले.

दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या होत्या आणि उजेडाने हलत नव्हत्या. हातपाय लुळे होते, चिमटा काढला तरी प्रतिसाद नव्हता. शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या नातेवाइकांनी हे पाहिले आणि मेंदू गेल्याचे सांगितले. घरच्यांच्या मनात यंत्र बंद करून तिला घरी न्यावे असे येऊ लागले, कारण गावाला पाण्याचा वेढा पडत चालला होता. अतिदक्षता विभागातील डॉक्टरांनी ठाम नकार दिला आणि मला फोन लावून दिला. मण्यारीच्या विषात डोळ्याचे स्नायूही लुळे पडतात, त्यामुळे बाहुल्या हलत नाहीत. मेंदू शाबूत असतो. हे शास्त्रीय भाषेत सांगून पतीला पटत नव्हते. शेवटी मी त्यांना म्हणालो, "विहिरीवरची मोटार शाबूत आहे, वायरही शाबूत आहे. मधला स्टार्टर जळलाय. नवा स्टार्टर बसेपर्यंत पाणी हातानं शेंदायचं, एवढंच हे यंत्र करतंय. मोटार विकायला काढू नका." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "किती दिस शेंदायचं?" मी चार ते दहा दिवस सांगितले.

चौथ्या दिवशी पायाचा अंगठा हलला. सहाव्या दिवशी पापणी थोडी उघडली. सातव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला आणि अकराव्या दिवशी तिला घरी सोडले. त्याच सुमारास, पूर ओसरल्यावर घर धुऊन काढताना चुलीजवळच्या शेणींच्या ढिगात साप सापडला. आलेल्या सर्पमित्राने त्याला पकडून रानात सोडले आणि फोटो मला पाठवला. काळसर निळे, चकचकीत अंग, त्यावर पांढऱ्या बारीक पट्ट्यांच्या जोड्या, मानेजवळ पुसट आणि शेपटीकडे ठळक, पाठीच्या मध्यावर षटकोनी मोठे खवले. बिनविषारी कवड्या साप असाच दिसतो, परंतु त्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात. हा साप मण्यारच होता. उपचारासाठी याची गरज पडली नव्हती आणि पडू नये. साप मारून किंवा पकडून आणण्यात गेलेला वेळ रुग्णाचा असतो.

ऑक्टोबरमध्ये ती तपासणीला आली तेव्हा मी तिला विचारले की त्या दिवसांतले काय आठवते. तिला सगळे आठवत होते. अंग हलत नव्हते, डोळे उघडत नव्हते, पण कान चालू होते. कोण रडत होते, सिस्टर कोणाला काय म्हणत होत्या, आणि मयत झालीच तर पाण्यातून होडीने गावात कशी न्यायची याची तिच्या दिराने आणि चुलत सासऱ्यांनी खाटेच्या पायथ्याशी उभे राहून केलेली चर्चा, हे सर्व तिने ऐकलेले होते. माझ्या दवाखान्यात तिने सहापर्यंत म्हटलेले आकडेही तिच्या लक्षात होते. ती म्हणाली, "पुढचा आकडा म्हाईत हुता. वारं पुरलं न्हाई." तेव्हापासून आमच्या रुग्णालयात लुळ्या पडलेल्या माणसाच्या उशाशी बोलताना तो ऐकतो आहे असे धरूनच बोलायचे, असा नियम केला आहे, आणि त्याच्याशी बोलून काम करायचे: आता सुई टोचतो आहे, आता कूस बदलतो आहे, आज पाचवा दिवस आहे.

विषाचे कार्य थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण उपचाराची घाई त्याच्यावर ठरते. मण्यारीच्या विषातील मुख्य घटक मज्जातंतूच्या शेवटच्या टोकाला जाऊन चिकटतो. स्नायूला हालचालीचा निरोप देणारे रसायन त्या टोकाशी साठवलेले असते. विष तो साठा संपवते आणि टोकच निकामी करते. लस रक्तात मोकळे फिरणारे विष बांधते. टोकाला लागून काम उरकलेले विष तिच्या आवाक्याबाहेर असते. म्हणून तिसऱ्या तासाला दिलेली लस आणि पाचव्या तासाला दिलेली लस यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एकदा टोके गेली की नवी तयार होईपर्यंत श्वास चालू ठेवणे हाच उपचार, आणि तो केला तर माणूस पूर्ण बरा होतो. मूल असले तरी लसीची मात्रा तीच, कारण साप वय पाहून विष कमी सोडत नाही.

आपल्याकडे वापरली जाणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालते. मुंबईच्या हाफकिनमध्ये तिचे उत्पादन दीर्घकाळ होत आले आहे. तिच्यासाठी लागणारे विष प्रामुख्याने तमिळनाडूतील, साप पकडण्यात पारंगत असलेल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, त्यामुळे सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील सापांना ती किती लागू पडते हा प्रश्न आमच्यासारख्यांना सतत सतावतो. त्याचे उत्तर आपल्याच प्रदेशातील विष गोळा करून तपासल्याशिवाय मिळणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला २०१७ मध्ये उष्ण कटिबंधातील दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि त्याच वर्षी राज्यांना सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्यास सांगितले. नोंद बंधनकारक होणे मला फार महत्त्वाचे वाटते. मण्यारीने मेलेला माणूस पोटदुखीने, झटक्याने किंवा झोपेतच गेला म्हणून जाळला जातो, आणि मोजदादीत तो येतच नाही.

सर्पदंशाने कोणी दगावले की आपण सर्वजण मांत्रिकाकडे बोट दाखवतो. पुष्कळदा ते योग्यही असते. या प्रकरणात मात्र कुटुंबाने कुठेही वेळ दवडला नाही. पोट दुखू लागल्यावर दोन तासांच्या आत, भर पावसात, ते डॉक्टरांच्या दारात होते. देवस्थान नाही, अंगारा नाही, दंडाला दोरी नाही, ब्लेडने चिरणे नाही. जो वेळ गेला तो वैद्यकाच्या टेबलावर गेला. बत्तीस शिराळ्याच्या परिसरात नाग कसा ओळखायचा हे लहान मुलेही सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या इथे नागपंचमीला जिवंत नाग पुजले जात, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती प्रथा थांबली तरी नागाविषयीची जाण घरोघर आहे. पण मण्यार फणा काढत नाही, फूत्कार करून सावध करत नाही, दिवसा दिसत नाही आणि चावल्याचे कळू देत नाही. नागाचे ज्ञान इथे उपयोगी पडत नाही, आणि आम्हा डॉक्टरांचेही सर्पदंशाचे चित्र दोन दातांच्या खुणा आणि सुजलेला पाय असेच राहिले आहे.

सकाळी सहा वाजता तिला तपासणारे डॉक्टर वयाने माझ्याहून पुष्कळ लहान आहेत. ती व्हेंटिलेटरवर असताना, पूर ओसरू लागल्यावर, एका संध्याकाळी ते स्वतः माझ्याकडे आले. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी एवढेच विचारले की आपण काय पाहायला हवे होते. तेव्हा मी त्यांना एक जुना केसपेपर सांगितला, जो मी या प्रकरणातही नोंदवून ठेवतो.

मिरजेतून शिक्षण संपवून मी सरकारी नोकरीत लागलो, त्याच्या दुसऱ्या वर्षातली ही गोष्ट आहे. पावसाळा होता. चौदा वर्षांचा एक मुलगा पहाटे पाचला पोट धरून आला. त्याच्या अंगावर काही खूण नव्हती. मी पोटदुखीचे इंजेक्शन दिले आणि व्हरांड्यातल्या बाकावर पडून राहायला सांगितले. साडेसहाला त्याची आई सांगायला आली की तो बोबडे बोलतो आहे. मी तो घाबरला असेल असे म्हणालो. आठ वाजता तो गेला. मृत्यूच्या कारणापुढे मी "अज्ञात" असे लिहिले. चार दिवसांनी त्याच्या घराच्या उंबऱ्याशी मण्यार मारली गेली आणि त्याचे वडील ती काठीवर घेऊन मला दाखवायला आले. ते रागावलेले नव्हते. त्यांना फक्त कारण कळायला हवे होते. मी त्यांना सांगितले, आणि हेही सांगितले की मला ते ओळखता आले नाही.

त्यानंतर मी वही घातली. प्रत्येक सर्पदंशाची, आणि सर्पदंश नाही असे वाटणाऱ्या प्रत्येक पहाटेच्या पोटदुखीची नोंद: कुठे झोपला होता, जाग कशाने आली, पहिले दुखणे कुठे, पापणी कधी, घशाचे पाणी नाकातून आले का, लस किती वाजता. ही सवय मला एका वडीलधाऱ्या डॉक्टरांच्या कामावरून लागली. सह्याद्रीपलीकडे महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ पासून, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून, लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण खाटेशी बसून पाहिले, नाडी आणि घाम तासातासाला टिपले, ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले आणि प्राझोसिन नावाच्या स्वस्त गोळीने विंचूदंशातील मृत्यू नगण्य करून दाखवले. खेड्यात राहून, प्रयोगशाळा नसताना, निव्वळ रुग्णाजवळ बसून विज्ञान करता येते याचा तो आमच्यासाठी पुरावा होता. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा घाटाच्या या बाजूलाही अनेक दवाखान्यांत आनंद झाला. माझी वही त्या तोडीची नाही. पण माझ्यापुढे आलेल्या चौतीस वर्षांच्या स्त्रीच्या पतीला "कुठं झोपला होता" हा प्रश्न त्या वहीनेच विचारला.

त्या तरुण डॉक्टरांना मी वही वाचायला दिली. पुढच्या पावसाळ्यापूर्वी आम्ही दोघांनी मिळून परिसरातील आशाताई, कंपाउंडर आणि औषध दुकानदार यांच्या बैठका घेतल्या. औषध दुकानदारांना बोलावण्याचा आग्रह माझा होता, कारण पहाटेच्या पोटदुखीवरची पहिली गोळी बहुधा तिथूनच जाते. सांगायचे ते इतकेच होते: पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाचे पहाटे पोट दुखू लागले, तर त्याला वर पाहायला सांगा, थुंकी गिळायला सांगा, एका दमात आकडे म्हणायला सांगा, आणि यांतले एकही बिघडलेले दिसले तर चावल्याची खूण शोधत न बसता लस असलेल्या ठिकाणी पाठवा. काहीही बिघडलेले नसले तरी त्याला घरी पाठवू नका, नजरेसमोर बसवून अर्ध्या अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. ज्या गाडीतून पाठवाल तिच्यात अंबू बॅग आहे का ते विचारा. त्या बैठकांत दिरालाही बोलावले होते. त्याने उभे राहून बॅग कशी दाबायची ते सर्वांना करून दाखवले, आणि त्याचे मोजणे आजही तसेच आहे: दाब, सोड, तीन, चार, पाच.

प्रतिबंधाबद्दल आमच्या बाजूने खूप बोलले जाते: कॉटवर झोपा, जळण घराबाहेर ठेवा, उंदीर होऊ देऊ नका. यांतले प्रत्येक वाक्य खरे आहे, आणि प्रत्येकाला पैसे लागतात. एका खोलीत पाच माणसांसाठी पाच कॉट मावत नाहीत. पावसात बाहेर ठेवलेले जळण पेटत नाही. मच्छरदाणी मात्र परवडते. नेपाळच्या तराईत झालेल्या पाहणीत, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप चावण्याचे प्रमाण कमी आढळले आहे. तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचलेल्या असल्या पाहिजेत, नाहीतर तिचा उपयोग नाही.

मी अलीकडे त्या घरी गेलो होतो. शेणी आता मागच्या पडवीत विटांच्या चौथऱ्यावर, भिंतीपासून हातभर दूर रचलेल्या आहेत. कॉट एकच आहे आणि तिच्यावर सासूबाईच झोपतात. ती आणि तिची मुलगी खालीच, वाकळेवर, मच्छरदाणीत झोपतात. मुलगी आता मोठी झाली आहे. दिवा घालवण्यापूर्वी चारही कडा हाताने चाचपून पाहण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले आहे.